कोच ट्रिबच्या हंगामाचा निकाल

शनिवार, २६ फेब्रुवारी १९९४

हरलो. ६१-६०. सेंट ब्रेंडनकडून, आपल्याच मैदानावर, बास्केटबॉलच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात. जिंकलो असतो तर राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होतो. सात वर्षांत पहिल्यांदाच आपण मार्चमध्ये घरी बसणार.

मला या माणसाचा वीट आलाय. माणूस म्हणजे आमचा कोच, नोलन ट्रिब. तीन वर्षं झाली त्याला ऑलवर्थ कॉलेजात आणि तीन वर्षं मी गुणलेखकाच्या खुर्चीवरून त्याचं च्युइंगगम चघळणं बघतोय. सामना ऐन रंगात आलेला असताना हा हाताची घडी घालून असा उभा राहतो की बसची वाट बघतोय असं वाटावं. ओरडणं नाही, अंगातला कोट काढून फेकणं नाही. याच्या आधीच्या कोचच्या, बर्ट हॅस्लरच्या, एकोणीस वर्षांत या हॉलच्या भिंती थरथरायच्या. बर्ट आता फ्लोरिडात मासे धरतोय आणि आमच्या नशिबी हा.

त्यात आज मध्यांतरात माझा सत्कार. तीस वर्षं टेबलावर बसल्याबद्दल. ही कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. माझ्या बायकोला, नॉर्माला, आणि मला मैदानाच्या मधोमध उभं केलं, लाकडाची वाटावी अशी प्लास्टिकची पाटी हातात दिली, केक कापला. केकवर इंचभर साखर. फोटोवाल्याचं एका फोटोत भागेना. उत्तरार्धाचा भोंगा वाजला तेव्हा मी अजून केकची बशी घेऊन मैदानाच्या कडेला! खुर्चीत येऊन टेकतोय तोवर सेंट ब्रेंडनने चेंडू आत टाकून खेळ सुरूही केला होता. पेन सापडेना, बोटं चिकट. शी.

आणि तो शेवट. सहा सेकंद उरलेले, आपण ६०-५९ ने पुढे. ते चाल करत होते त्या बास्केटखाली ही गर्दी. आपल्या एकाने आणि त्यांच्या एकाने चेंडू असा धरला की दोघंही सोडेनात. अशी धरपकड झाली की पंच शिट्टी मारतो आणि माझ्या टेबलावरच्या बाणाकडे बघतो. बाण ज्यांचा, चेंडू त्यांचा. अख्ख्या उत्तरार्धात धरपकड झाली ती ही एकच, आणि बाण नेमका सेंट ब्रेंडनचा. त्यांनी चेंडू घेतला, टाकला, खेळ खलास.

त्याआधी ट्रिब माझ्या टेबलाशी आला होता. वाकून हळूच म्हणाला, "क्लेमाइअर सर, बाणाची खात्री आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "तीस वर्षं झाली मला इथे."

त्याने बाणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या वहीशेजारच्या केकच्या बशीकडे बघितलं आणि मुकाट परत गेला. बर्टने टेबल उलटं केलं असतं. नियम आपल्या विरुद्ध असला तरी पोरांना दिसायला नको का, की आपला कोच आपल्यासाठी भांडतो? मेंगळट.

मंगळवार, १ मार्च

डग लूकेन आला होता. आला म्हणजे दार न वाजवता आत आला आणि नॉर्माच्या पर्सिमन फळांच्या पुडिंगचे दोन तुकडे मटकावून मगच बोलायला लागला. शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा तेव्हाही असाच होता. आता ट्रॅक्टर विकतो आणि कॉलेजचा विश्वस्त आहे.

"ऑर्व्हिल, एक काम आहे. ट्रिबचा करार या महिन्यात संपतो. ठेवायचा की घालवायचा, ते ठरवायला तिघांची कमिटी नेमलीय. मी, डीन हॅव्हरकॅम्प बाई, आणि तू."

"मी कशाला?"

"तू गणिताचा मास्तर. आणि सगळे सामने तुझ्या वहीत आहेत. हंगाम खरंच किती चांगला होता, ते तू आकड्यांनी सांग. सोळा जिंकले, दहा हरले, हे कोणीही वाचेल. त्यातलं खरं किती आणि हवा किती, ते काढ."

"आणि ट्रिब गेला तर?"

"बर्टचा मुलगा फोनची वाट बघत बसलाय," असं म्हणून त्याने डोळा मारला. मला ते डोळा मारणं आवडलं नाही, पण बर्टचा मुलगा आवडला.

नॉर्मा ताटल्या उचलताना म्हणाली, "ट्रिब गेला तर कॉलेजचं घरही जाईल त्यांचं. डेनीसलाही शाळा सोडावी लागेल."

डेनीस म्हणजे ट्रिबची बायको. माझी विद्यार्थिनी. बीजगणितात तिच्या वर्गात तिच्याइतकी तल्लख कोणी नव्हती. आता इथल्याच शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवते. एवढ्या हुशार मुलीने या माणसात काय पाहिलं, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

शनिवार, ५ मार्च

चार दिवस वहीत डोकं घालून बसलो. जे निघालं ते किळसवाणं आहे.

सोळा विजयांतले चार अशा कॉलेजांवरचे, ज्यांना कॉलेज म्हणायचं म्हणजे धाडसच. एका बायबल कॉलेजकडून सेंटरच्या जागी खेळणारा चौतीस वर्षांचा पाद्री होता. मध्यांतरात त्याने आमच्या पोरांसाठी प्रार्थना केली आणि नंतर आम्ही त्यांना एक्केचाळीस गुणांनी चिरडलं. हा विजय? गल्लीतल्या मांजराला हाकलण्याला मी शिकार म्हणत नाही. चार खोडले.

उरले बारा. त्यांतले पाच अशा संघांवर, जे स्वतः निम्म्याहून जास्त सामने हरले. तेही खोडले.

उरले सात. सात! हंगामभर वर्तमानपत्रात "ऑलवर्थची घोडदौड" छापून येत होतं. ती ही सात टापांची घोडदौड.

नॉर्मा भाजी चिरत होती. म्हणाली, "बर्टच्या वेळचे पाद्री खोडलेस का कधी?"

"बर्टची गोष्ट वेगळी."

"कशी?"

"तुला नाही कळायचं."

"बरं," म्हणाली आणि गाजर असं काही चिरलं की मी खोलीतून उठून गेलो.

बुधवार, ९ मार्च

कमिटीची पहिली बैठक. लूकेनने येताना डोनट आणले होते आणि त्यातले निम्मे स्वतःच खाल्ले. बोलताना त्याच्या मिशीवर साखरेचा भुरका. बघवेना.

डीन बाई इतिहासाच्या. आयुष्यात एकही सामना पूर्ण बघितलेला नाही, हे त्यांनीच सांगितलं, आणि तेही अभिमानाने. मग विचारलं, "सगळे त्या बाणाबद्दल बोलताहेत. तो नक्की काय प्रकार आहे, ऑर्व्हिल?"

नववीच्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. धरपकड झाली की चेंडू पाळीपाळीने द्यायचा. एकदा यांना, एकदा त्यांना. उत्तरार्ध सुरू करतानाचा चेंडूही याच पाळीत मोजायचा. पुढची पाळी ज्यांची, ते ज्या बास्केटवर चाल करताहेत तिकडे बाणाचं टोक ठेवायचं आणि त्यांनी पाळी वापरली की बाण उलटा करायचा. मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून तेव्हाही एकदा उलटा करायचा. बाण मीच घरी रंधा मारून केलाय, लाल रंगाचा.

"आणि मध्यांतरात फिरवायचा कोणी विसरलं तर?"

"विसरण्यासारखं काय आहे त्यात? माकडालाही जमेल."

मग मी माझे मुद्दे वाचले. सात खरे विजय, परगावी फक्त दोन, वगैरे. लूकेनला आकड्यांत रस नव्हता. तो थांबला फक्त सातव्या मुद्द्यावर: "निर्णायक क्षणी कोच टेबलापर्यंत आला, पण संघासाठी न भांडता परत गेला." ते त्याने दोनदा वाचून घेतलं.

"हे बेस्ट आहे, ऑर्व्हिल. हे विश्वस्तांना कळेल. आकडेबिकडे राहू दे."

चार दिवसांचं काम, आणि म्हणे राहू दे. लूकेनचाही वीट आला. पण मुद्दा माझाच होता, त्यामुळे बरंही वाटलं, हे इथे कबूल करून ठेवतो.

शनिवार, १२ मार्च

दुपारी कोपऱ्यावरच्या खाणावळीत पोर्क सँडविच खात होतो. ट्रिब आला आणि थेट माझ्याच टेबलाशी उभा. तोंडात च्युइंगगम. माझी भूक मेली.

"सर, अहवाल लिहिताय असं ऐकलं."

"लिहितोय."

"लिहा. जे दिसलं ते लिहा, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या शेवटच्या सामन्याची कॅसेट बघायच्या भानगडीत पडू नका. बघण्यासारखं काही नाही त्यात. स्कोअर तुमच्याकडे आहेच."

"ते मी ठरवेन."

"हो, अर्थात." जरा घुटमळला. "पुढच्या वर्षी टेबलावर असणार ना तुम्ही?"

म्हणजे बघा. स्वतःची खुर्ची हलतेय आणि हा माझ्या खुर्चीची चौकशी करतोय! मी म्हटलं, "मी असेन. तुझं तू बघ." तो हसला, टोपीला हात लावून गेला.

कॅसेट बघू नका म्हणे. म्हणजे त्या कॅसेटमध्ये याचं पितळ उघडं पडण्यासारखं काहीतरी आहे. कोणता खेळाडू कधी बसवला, शेवटी पोरांना काय सांगितलं, काहीतरी नक्की आहे. घरी येऊन डीन बाईंना फोन केला. ती कॅसेट मला हवी. कमिटीचा हक्क आहे.

मंगळवार, १५ मार्च

कॅसेट आली. बघितली. आज लिहीत नाही.

बुधवार, १६ मार्च

लिहितो.

काल दुपारी टीव्हीसमोर बसलो, कागद-पेन्सिल घेऊन. ट्रिबच्या चुका मांडायला कागदाचे दोन रकाने करून ठेवले होते. कॅमेरा समोरच्या गॅलरीत होता, त्यामुळे टेबल, मी, बाण, सगळं स्वच्छ दिसत होतं. पूर्वार्धात काही सापडलं नाही. मध्यांतर आलं तसा मी कॅसेट पुढे ढकलायला लागलो, तर नॉर्मा म्हणाली, "थांब, मला माझा निळा ड्रेस बघायचाय."

बघितला ड्रेस. केक बघितला. भोंगा वाजला.

"अगंबाई, तू अजून बशी घेऊन चालतोयस आणि त्यांनी सुरूही केलं," नॉर्मा म्हणाली. "पण त्यांनाच का दिला चेंडू?"

"त्यांची पाळी होती. पंचाच्या लक्षात होतं."

"मग पुढची पाळी आपली."

"हो, पुढची आपली."

हे मी माझ्या तोंडाने म्हणालो. म्हणालो आणि पॉपकॉर्न खात राहिलो. पुढे अर्धा तास गेला. शेवटचे सहा सेकंद आले. धरपकड. बाण सेंट ब्रेंडनचा.

"परत त्यांनाच कसा?" नॉर्माने विचारलं.

"मध्ये एखादी धरपकड झाली असणार."

"कधी?"

मी अख्खा उत्तरार्ध परत लावला. मध्ये एकही नव्हती. तसं मीच २६ तारखेला या वहीत लिहून ठेवलंय, वर बघा. मग भोंग्यापाशी जाऊन हळूहळू बघितलं. एक म्हातारा डाव्या हातात केकची बशी धरून खुर्चीत बसतो, चेंडू खेळात आलेला बघून उजव्या हाताने बाण एकदा उलटा करतो आणि बोटं चाटतो. एकदा. दोनदा करायला हवा होता. मध्यांतराचा एक, वापरलेल्या पाळीचा एक. एकदाच केल्यामुळे तो आमच्याकडे वळण्याऐवजी त्यांच्याकडे वळला आणि शेवटपर्यंत तिकडेच राहिला.

चेंडू आपला होता. सहा सेकंद नुसता हातात धरून उभं राहायचं होतं. सामना आपला होता.

ट्रिब येऊन वाकला, तेही दिसलं. माझं तोंडही दिसलं. "तीस वर्षं झाली मला इथे" म्हणतानाचं. इतकं मस्तवाल तोंड मी दुसऱ्या कोणाचं बघितलं असतं तर दोन शब्द सुनावले असते.

नॉर्माने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "सांगायला हवं, ऑर्व्हिल."

मला काल जेवण गेलं नाही. आजही नाही. ट्रिबच्या चुकांचा कागद कोराच आहे.

शुक्रवार, १८ मार्च

ट्रिबला हॉलमागच्या त्याच्या खोलीत गाठलं. खोलीत मोज्यांचा वास. त्याने माझ्यासाठी खुर्चीवरचे टॉवेल उचलले.

"बाण माझ्यामुळे चुकला," मी म्हटलं.

त्याने च्युइंगगम कागदात गुंडाळून टोपलीत टाकलं. "तरी म्हटलं होतं, कॅसेट बघू नका."

"तुला कधी कळलं?"

"तिथेच. दुसरा अर्धा त्यांनी सुरू केला होता ना. घरी जाऊन कॅसेट बघितली, खात्री झाली. डेनीस सोडून कोणाला बोललो नाही."

"भांडला का नाहीस? तक्रार का नाही केलीस?"

"मी विचारलं, तुम्ही खात्री आहे म्हणालात. गुणलेखकाच्या शब्दापुढे पंचही जात नाही. आणि भोंगा वाजल्यावर निकाल बदलत नाही, सर. तक्रार केली असती तर फक्त तुमची खुर्ची गेली असती. तीस वर्षांच्या सत्काराच्या दिवशी." मग खाली बघत म्हणाला, "आणि तुम्हाला मध्यांतरात मैदानावर उभं करायची कल्पना माझीच. इतका वेळ चालेल हे मला कळायला हवं होतं."

आता याला काय म्हणायचं? मला त्याच्या चांगुलपणाचीही शिसारी आली. माणसाने इतकं चांगलं असू नये. समोरच्याला पाय टेकायला जागा राहत नाही. मी खेकसलो, "मी बुधवारच्या बैठकीत सगळं सांगणार आहे."

"नका सांगू. बाकीचे आकडे सरळ लिहा, त्यावर मी उभा राहीन."

"सांगणार म्हणजे सांगणार."

त्याने थोडा विचार केला. "ठीक आहे. सांगायचंच असेल तर तुमचं तेवढं सांगा. मला माहीत होतं, हे मात्र नका बोलू. लूकेनला तेवढंच पुरेल."

"बरं," म्हटलं.

रविवार, २० मार्च

चर्च चुकवून जुन्या वह्या काढल्या. बर्टचा सर्वांत गाजलेला हंगाम, एकवीस विजय, ज्याचा फोटो खाणावळीत अजून टांगलेला आहे. तीच चाळणी लावली. पाद्री खोडले (बर्टच्या वेळी जास्त होते), रडके संघ खोडले.

सहा.

बर्टचे सहा, ट्रिबचे सात. सेंट ब्रेंडनचा धरला तर आठ. आणि मी तीन वर्षं कोणाच्या नावाने नाक मुरडत होतो? आरडाओरडा करणाऱ्याला मी कोच समजत होतो. साठी उलटलेला गणिताचा मास्तर, आणि आवाजाला मार्क देत बसलो.

नॉर्माला आकडे दाखवले. तिने "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हटलं नाही. त्याहून वाईट म्हणजे तिने मला कॉफी करून दिली.

नवा अहवाल लिहिला. चार पानं. सातवा मुद्दा काढून टाकला आणि त्या जागी माझ्या बाणाची हकिकत. स्वच्छ अक्षरात, तारीख-वार घालून. कॅसेट बघितल्यापासून पहिल्यांदा स्वतःची घाण वाटली नाही.

बुधवार, २३ मार्च

आत्ताच पेन टेबलावर आपटलं. रागाने. आणि फक्त लूकेनवरच्या रागाने नाही.

बैठक चारला सुरू झाली. मी चारही पानं वाचली. बाणाची हकिकतही, एक शब्द न गाळता. "चूक माझी आहे, सामना आपण जिंकलेला होता, या हंगामाचा विचार सतरा विजय, नऊ पराभव असाच करावा, आणि मी गुणलेखकाच्या जागेवरून दूर होतो." डीन बाईंनी चष्मा काढून पुसला.

मला वाटलं लूकेन भडकेल. त्याने उठून माझ्या पाठीवर थाप मारली. "याला जिगर लागते, ऑर्व्हिल. पण जागा सोडायचं नाव काढायचं नाही. चूक होते माणसाकडून. चार भिंतींच्या आत राहील." मग परत बसला, डोनट घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ट्रिब बिचारा. त्याला अजून कल्पनाही नसेल."

इथे गप्प बसायचं होतं. मला माहीत होतं. शुक्रवारी "बरं" म्हणून आलो होतो.

पण ते "बिचारा" माझ्या डोक्यात गेलं. आणि खरं सांगायचं तर मी तापलो होतो, दोघंही माझं ऐकत होते, बाईंचे डोळे ओले होते. मी म्हटलं, "कल्पना नाही? त्याला तिथल्या तिथे कळलं होतं! घरी जाऊन कॅसेट बघून खात्री केली आणि तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. का, तर माझ्या सत्काराचा दिवस. तुम्ही त्याच्याबद्दल काय काय बोललात, मी काय काय लिहिलं, आणि तो माणूस तीन आठवडे गप्प आहे. असा कोच तुम्हाला शोधून मिळणार नाही!"

चांगली पाच मिनिटं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं बोललो नसेन. लूकेन मान डोलावत होता आणि लिहून घेत होता.

मी थांबल्यावर त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. "अधिकृत नोंदीत चूक झाल्याचं कोचला २६ फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. त्याने ते कॉलेजपासून आणि विश्वस्तांपासून लपवलं." मग डीन बाईंकडे वळला. "मॅडम, अशी चूक कळवणं बंधनकारक आहे ना आपल्या नियमात?"

बाई म्हणाल्या, "आहे. मी मघाशी भारावून गेले होते, पण... आहे. लपवणं ही गंभीर गोष्ट आहे."

"लपवलं नाही, झाकलं! मला झाकलं!" मी ओरडलो. बर्टसारखा. टेबलावर मूठही आपटली. काही उपयोग झाला नाही.

दोन विरुद्ध एक. करार संपला. एकतीस मेपर्यंत घर रिकामं करायचं. हंगाम चांगला होता की वाईट, यावर कोणी एक शब्द बोललं नाही. माझी चार पानं लूकेनने डोनटच्या खोक्याखाली ठेवली होती. उचलली तेव्हा त्यांवर तेलाचे गोल.

निघताना म्हणाला, "नोव्हेंबरात भेटू टेबलावर. बर्टच्या मुलाला तुझ्यासारखा माणूस हवाच." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्ची कुठे घालायची, तेही सांगितलं. तो हसला. तोंडात डोनट होता.

गुरुवार, २४ मार्च

कॉलेजच्या पत्राआधी आपण सांगावं म्हणून सकाळी ट्रिबच्या घरी गेलो. उशीरच झाला होता. दार डेनीसने उघडलं. दुसरीच्या वर्गावर जायची वेळ झालेली, पण अंगात कोट नव्हता. डोळे सुजलेले.

"डेनीस, मी नोलनला भेटायला..."

"डीन बाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही किती सुंदर बोललात, तेही सांगितलं."

"मी त्याची बाजू घेत होतो. मी त्याचं कौतुक करत होतो, डेनीस."

"सर, तो तुमच्यासाठी तीन आठवडे गप्प बसला. तुम्हाला त्याच्यासाठी एक तास गप्प बसता आलं नाही?"

आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सावकाश बोलली आणि उत्तरासाठी थांबली. मी टोपी हातात घेऊन पायरीवर उभा. त्या पाच मिनिटांत मला ट्रिबला वाचवायचं होतं की मी किती मोठ्या मनाचा आहे हे त्या दोघांना दाखवायचं होतं, ते मला काल कळलं नव्हतं. तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

आतून ट्रिबचा आवाज आला. "सर आलेत का? अगं, बाहेर काय उभं केलंस, आत बोलाव की त्यांना. कॉफी टाकतो."

डेनीस दारातून बाजूला झाली नाही, आणि मीही आत गेलो नाही.